श्रीमती न., वय चौऱ्याहत्तर

माझ्या मुलीचं पुस्तक छापून आलं तेव्हा मी आमच्या वसाहतीच्या सातव्या जिन्यातल्या प्रत्येकाला अडवून अडवून सांगितलं. आमच्या क्राटोखविल घराण्याचा छापील अक्षराशी संबंध तोवर ट्रामच्या वेळापत्रकापुरता होता. मी सत्तावीस वर्षं एकाहत्तर नंबरची ट्राम चालवली. ती मोठ्या दफनभूमीकडं जाते, म्हणून आमच्या व्हिएन्नात कुणी गेलं की 'त्यानं एकाहत्तर पकडली' म्हणतात. माझी आई कारखान्यात पाव बांधायची. आणि वेरेना डॉक्टर! गोळ्या देणारी नव्हे, समाजशास्त्राची. कुठल्या थरातला माणूस कुणाला मत देतो आणि का देतो, हा तिचा विषय.

पहिल्यांदा सांगितलं ते अर्थातच बुर्गीला. बुर्गी नेमेट्स माझ्या समोरच्या दारात राहते. मला सख्खी बहीण नाही, नवरा वेरेना चार वर्षांची असताना जो गेला तो गेला. मी पहाटेच्या पाळीला निघाले की वेरेनाची वेणी घालून तिला शाळेत पोचवायची ती बुर्गीच. आयुष्यात मैत्रीण म्हणावी अशी मला ती एकच.

"पुस्तकात मी आहे का गं?" बुर्गीनं विचारलं.

"असणारच. पण नाव बदललंय म्हणाली."

"मग बरं झालं. या नावाला मी चौऱ्याहत्तर वर्षं वैतागलेय. एखादं नटीचं नाव ठेवलं असेल तर वेरेनाला केक करून घालीन."

तिला पुस्तकात ढकलली ती मीच. दीड वर्षापूर्वी वेरेना म्हणाली, "मम्मा, मला तुमच्या होफमधल्या लोकांशी बोलायचंय. मोकळं बोलतील ना माझ्याशी?" आमचा होफ म्हणजे महापालिकेनं कामगारांसाठी बांधलेली वसाहत. मधे अंगण, भोवती अकरा जिने. इथं लोक बोलतात पुष्कळ, पण वही घेऊन कुणी समोर बसलं की सगळ्यांच्या तोंडाला कुलूप. बुर्गी तर सरळ नाही म्हणाली होती. "मला काय कळतंय राजकारणातलं? शोर्श असता तर त्याला विचारलं असतं."

शोर्श तिचा नवरा. आमच्या लाल, कामगारांच्या पक्षाच्या शाखेचा एकोणतीस वर्षं अध्यक्ष. त्यानं एकाहत्तर पकडली त्याला आता नऊ वर्षं झाली.

"अगं, परकी आहे का ती?" मी म्हणाले. "तुझ्या मांडीवर वाढलेली पोर. तिच्यापुढं कसली लाज? जे मनात येईल ते बोल. घरातलं घरात राहील."

घरातलं घरात राहील, हे शब्द माझे. वेरेनाचे नव्हेत. ते नंतर मला फार छळणार होते.

मग एका गुरुवारी बुर्गी बोलली. गुरुवार हा तिचा धुण्याचा वार. होफच्या तळघरात धुण्याची सामायिक खोली आहे, तिची किल्ली वारावारानं फिरते, आणि एकदा मिळालेला वार माणूस सहसा मेल्याशिवाय सोडत नाही. यंत्राच्या घरघरीत ती आणि वेरेना दोन तास बसल्या होत्या. वर आल्यावर बुर्गीचे डोळे लाल होते. मी म्हटलं, साबणाची वाफ असेल. विचारलं नाही.

पुस्तकाचा समारंभ शहराच्या सातव्या विभागातल्या एका पुस्तकाच्या दुकानात होता, संध्याकाळी सहाला. वेरेना तिकडंच राहते, उंच छतांच्या जुन्या घरात. बुर्गीनं केस सेट करून घेतले. मी निळा कोट घातला आणि लगेच काढला. निळा रंग आमच्याकडं दुसऱ्या, परक्यांवर उठलेल्या पक्षाचा, मुलीच्या समारंभाला नको. बुर्गी माझ्याकडं बघून काहीच बोलली नाही. एरवी ती माझ्या असल्या खुळांची भरपूर टर उडवते.

पुस्तकाचं नाव होतं 'तळमजल्यावरचा राग'. बुर्गी माझ्या कानात कुजबुजली, "आपण तर तिसऱ्या मजल्यावर राहतो." आम्ही दोघी फिसकन हसलो. तो आमचा शेवटचा हशा.

वेरेना उभी राहिली. छान दिसत होती. आधी ती एका प्राध्यापकाचं बोलणं वाचू लागली, त्याचं मत कसं वाचनातून आणि प्रवासातून तयार झालं ते. वाक्यं कशी इस्त्री केल्यासारखी. मग म्हणाली, "आता दुसरा आवाज ऐका. श्रीमती न., वय चौऱ्याहत्तर, शिक्षण आठवी, महापालिकेच्या वसाहतीत राहतात." आणि आवाज बदलून तिनं वाचलं:

"म्या काय सांगू बाय? आमास्नी कोन इचारतंय? बेस्तरवार माजा धुन्याचा. चाळीस वरसं माजा. आन आता ती वरची बाय गालिचे घिऊन येती."

लोक हसले. दुष्टपणानं नव्हे. एखाद्या लहान मुलानं गंमतशीर बोलावं आणि पाहुण्यांनी हसावं, तसं.

आम्ही तसं बोलत नाही असं मी म्हणणार नाही. आमच्या सिमेरिंग भागातल्या लोकांच्या तोंडी भाषा जरा फाटकीच आहे. पण त्या प्राध्यापकाला मी टीव्हीवर ऐकलंय. तोही निम्मी अक्षरं गिळतो, आणि प्रत्येक वाक्यात तीनदा 'अं' करतो. त्याचं बोलणं धुऊन छापलं, आमचं मळकं ठेवलं. वेरेना सात वर्षांची असताना जेवणाच्या टेबलावर मी तिला एकेक शब्द दहादा शुद्ध म्हणायला लावत होते, कशासाठी? म्हणून सांगते, या गोष्टीत बुर्गीचं बोलणं मी नीट भाषेत लिहिणार आहे. मुद्दाम.

आणि गालिचेवाली म्हणजे चौथ्या मजल्यावरची तुर्की कराजा. बुर्गी तिच्या नावानं बोटं मोडते हे खरं. पण दर गुरुवारी स्वतःच्या वेळातला एक तास तिला देते, हेही खरं. ते पुस्तकात नव्हतं.

वेरेना पुढं वाचतच होती. "श्रीमती न. पक्षाच्या एका जुन्या पदाधिकाऱ्याच्या विधवा. नऊ वर्षांपासून त्या गुपचूप निळ्यांना मत देतात. एक मेच्या मोर्चात मात्र आजही छातीवर पक्षाचं लाल कार्नेशनचं फूल लावून पहिल्या रांगेत चालतात. परक्यांविषयीची चीड आणि जुन्या घराची ओढ, दोन्ही एकाच पर्समध्ये."

पुन्हा हशा. बुर्गीनं मांडीवरची पर्स घट्ट धरली.

मी तिच्याकडं बघितलं नाही. मला बघवेना. आणि तेवढ्यात माझा नंबर आला. "त्यांच्या शेजारीण श्रीमती क., निवृत्त ट्रामचालक. यांना राजकीय मत असं नाही; वारसा आहे. आजीच्या ताटवाट्या जपाव्यात तसा त्या पक्ष जपतात."

बहात्तर वर्षांच्या माझ्या आयुष्याचा निकाल दोन वाक्यांत लागला. सत्तरच्या दशकात बाई ट्राम चालवणार म्हणून डेपोतल्या पुरुषांनी तोंडं वाकडी केली, तेव्हा शोर्श आणि त्याची शाखा माझ्या मागं उभी राहिली. माझं मत तिथून आलं. आजीच्या ताटवाट्यांतून नव्हे. पण माझी पोरगी ते विसरली, किंवा तिच्या तक्त्यात त्याला रकाना नव्हता. आणखी एक गोष्ट. त्या पुस्तकात सगळ्यांच्या मतांची कारणं होती. वेरेना स्वतः पर्यावरणवाल्या हिरव्यांना मत देते, त्याचं कारण तेवढं कुठं नव्हतं. वरच्या थरात पोचलेल्या माणसाचं मत बहुतेक आकाशातून पडतं.

शेवटी प्रश्न झाले. रेशमी मफलरवाला एक गृहस्थ उठला. तळमळीनं म्हणाला, "प्रश्न असा आहे, की या अशा लोकांशी बोलायचं तरी कसं?"

वेरेनानं तोंड उघडण्याआधीच माझ्या शेजारून बुर्गीचा आवाज आला, अगदी स्पष्ट, शाळेतल्या भाषेत. "आधी नमस्कार करावा. पुढचं मग जमतं."

सगळ्यांनी वळून पाहिलं. कुणाला कळलं नाही ती कोण. गृहस्थानं तर टाळ्याही वाजवल्या. वेरेनाचा चेहरा मात्र पांढरा पडला. तिनं आम्हाला बोलावलं होतं, पण आम्ही येऊ असं तिला वाटलं नव्हतं बहुतेक.

मेट्रोत बसल्याबसल्या माझ्या तोंडातून काय बाहेर पडावं? माझ्या मुलीनं तुझा तमाशा केला, माफ कर, हे नाही. "निळ्यांना?" एवढंच मी म्हणाले.

"इथं नको," बुर्गी म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. भुयारात खिडकीबाहेर काय असतं? काळोख.

चार दिवसांत पुस्तकातला तोच उतारा वर्तमानपत्रात आला. नाव बदललं म्हणे! पदाधिकाऱ्याची विधवा, चौऱ्याहत्तर, गुरुवारचं धुणं. आमच्या होफमधलं मांजरसुद्धा ओळखेल. शाखेच्या पुढच्या बैठकीला बुर्गी आली. तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या, इतकंच. मी कुठं बसले ते विचाराल, तर मी कॉफीच्या टेबलाशी उभी होते. पूर्ण वेळ.

गुरुवारी मी तळघरात गेले. बुर्गी चादरी पिळत होती. मी दुसरं टोक धरलं. चादर पिळायला दोन माणसं लागतात, त्याला भांडणाची आडकाठी नसते.

"बोल," ती म्हणाली. "पोटात ठेवलंस तर फुगशील."

"नऊ वर्षं माझ्या हातात हात घालून मोर्चात चाललीस," मी म्हणाले. "आणि मत त्यांना? शोर्शला काय वाटलं असतं?"

"मोर्चा शोर्शचा होता. मत माझं."

"पण का? त्या गालिच्यांपायी?"

तिनं चादर सोडली. माझ्या हातातलं टोक ओल्या फरशीवर पडलं.

"गालिच्यांपायी! हर्मी, तूसुद्धा? तुझ्या पोरीला मी वीस मिनिटं कारण सांगितलं. रडत रडत सांगितलं. तिनं ते छापलं नाही. गालिचे छापले."

"कुठलं कारण?"

"पत्र."

ती पत्र पाठ म्हणू लागली. नऊ वर्षांपूर्वीचं पत्र तिला शाळेतल्या कवितेसारखं पाठ होतं. "सन्माननीय श्रीमती नेमेट्स, आपल्या पतींच्या निधनाची वार्ता समजून संघटनेस दुःख झाले. आपण व आपले कुटुंबीय यांच्याप्रती आम्ही सहवेदना व्यक्त करतो." तिथं ती थांबली. "आपल्या. आपण. आपले. ऐकतेयस ना?"

ऐकत होते. आमच्या पक्षात पहिल्या दिवसापासून सगळे 'तू'. झाडूवाला असो की मंत्री, भेटला की 'मैत्री!' म्हणायचं आणि अरे-तुरेवर यायचं. शोर्शनं एकदा भर सभेत एका मंत्र्याला सांगितलं होतं, "अरे, तू आधी घाम पूस, मग आश्वासन दे." मंत्री हसला होता. हे 'तू' आमच्या लोकांनी पदरचं काही देऊन मिळवलेलं. 'अहो' मालकासाठी असतं, डॉक्टरसाठी असतं, घराबाहेर काढायला येणाऱ्या वकिलासाठी असतं.

"सेहेचाळीस वर्षं तू," बुर्गी म्हणाली. "शोर्शनं डोळे मिटले आणि आठव्या दिवशी मी 'आपण' झाले. म्हणजे मला जे काही 'तू' मिळत होतं ते नवऱ्याचं होतं. तो गेला, परत घेतलं. त्या रात्री मी ठरवलं, यांना पुन्हा मत नाही. निळे काही फार गोड लागून गेलेत असं नाही. पण यांना झोंबेल असं दुसरं माझ्याकडं होतं काय?"

मला हायसं वाटलं, खरं सांगते. एवढंच ना! "बुर्गी, अगं कार्यालयातल्या कुठल्यातरी नव्या कारकुनाचं काम ते. छापील मजकूर आला असेल, भरलं नाव आणि टाकलं पोस्टात. असल्या गाढवाच्या चुकीवर कुणी—"

"मलाही तसंच वाटलं असतं. पण खाली सही होती."

"कुणाची?"

"तुझी."

यंत्र पाणी सोडत होतं.

हळूहळू आठवलं. मी तेव्हा शाखेची चिटणीस. पक्षाच्या जिल्हा कार्यालयानं नवे छापील मजकूर पाठवले होते. वाढदिवस, निवृत्ती, मृत्यू, सगळ्यांना एकच आदबशीर भाषा, म्हणे आता काळ बदलला. चाळीसेक पत्रांचा गठ्ठा घेऊन मी बसले, खाली सह्या ठोकल्या आणि पाकिटं बंद केली. एकही वाचलं नाही. त्याच संध्याकाळी मी बुर्गीकडं रव्याच्या गोळ्यांचं सूप घेऊन गेले होते आणि तिच्या गळ्यात पडून रडले होते. ते पत्र दोन दिवसांनी तिच्या पेटीत पडलं असणार.

"मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तू विचारशील म्हणून वाट बघितली," ती म्हणाली. "नऊ वर्षं. तू कधी विचारलंस, बुर्गी, तू मत कुणाला देतेस? तुझी पोरगी शहाणी, कोडगी, काय हवी ती म्हण. पण तिनं निदान विचारलं."

रविवारी वेरेना जेवायला आली. हातात महागातला केक, चेहऱ्यावर तयारी. मी सूप वाढलं आणि सरळ विचारलं, "पत्राचं का नाही लिहिलंस?"

"मम्मा, एका पत्रानं कुणी पक्ष बदलत नाही. लोक आधी रागावतात, कारण मागाहून शोधतात. अभ्यासात आम्ही—"

"अभ्यास गेला चुलीत. खरं बोल."

तिनं चमचा खाली ठेवला. क्षणभर ती मला सात वर्षांची दिसली, शब्द चुकल्यावर दिसायची तशी.

"टेप मी तीनदा ऐकली," ती म्हणाली. "बुर्गीमावशीनं नाव घेतलं होतं. सही हर्मीची, म्हणाली. मी काय छापायचं होतं? तुमच्या शाखेतले सगळे वाचणार होते. शोर्शच्या बायकोला निळ्यांकडं कुणी घालवलं, तर हर्मी क्राटोखविलनं! तुला तिथं पुन्हा तोंड दाखवता आलं असतं? तुझं सगळं आयुष्य ती शाखा आहे. मी तुला वाचवलं, मम्मा."

"आणि तिला?"

"तिचं नाव बदललंय ना."

मी आरडाओरडा केला, केक परत न्यायला लावला, पुढच्या आवृत्तीत पत्र छापलं नाहीस तर उंबरा चढू नकोस असंही म्हणाले. ती रडत गेली. पण खोटं कशाला बोलू? तिनं कारण सांगितलं त्या पहिल्या क्षणी मला राग आला नव्हता. माझी मुलगी माझ्यासाठी काहीतरी लपवते, इतकी माझी आहे अजून, असं वाटून पोटात ऊब आली होती. राग नंतरचा.

मी तशीच समोरच्या दाराशी गेले. बुर्गी इस्त्री करत होती, दार उघडून उंबऱ्यातच उभी राहिली. मी सगळं सांगितलं. वेरेनानं पत्र का गाळलं, कुणासाठी गाळलं. वाटलं होतं, सांगितलं की मोकळं होईल, दोघी मिळून पोरीला शिव्या घालू.

बुर्गीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे तुझी अब्रू झाकायला मला अडाणी केलं," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "आता एकच सांग, हर्मी. पोरीनं हे सांगितलं तेव्हा तुला बरं वाटलं की नाही?"

इतक्या वर्षांत तिच्याशी मी खोटं बोलले नव्हते. निदान तसं मला वाटत होतं.

"वाटलं," मी म्हणाले.

तिनं मान डोलावली आणि दार लावलं. आपटलं नाही. आतून साखळी घातल्याचा आवाज आला.